बॅगा कोण उतरवणार

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार. एडिसन, न्यू जर्सी.

धनत्रयोदशी. दिवे लावून झाले, आई झोपली. मी आणि भाऊ अजून डायनिंग टेबलाशी. पुढच्या महिन्यात सांगलीला आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, म्हणून कागदपत्रं काढून बसलोय.

त्याचं सगळं एका मुठीत मावतं: निळा अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते. माझी फाइल जाडजूड. भारतीय पासपोर्ट, रबरबँड लावलेले जुने पासपोर्ट, कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीची वेळ. भारतात शिरायला कार्ड त्याला लागतं, इथे परतायला पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग मला. म्हणजे आजीकडे जायची परवानगी त्याला हवी आणि घरी यायची मला. त्याला हे सांगितलं तर तो खो खो हसला. मीही हसले, जरा उशिरा.

आम्ही १९९८ मध्ये आलो तेव्हा मी नऊ वर्षांची, चौथी पास. हा २००१ मध्ये इथेच झाला. दिवसभर कानावर आईचं आणि माझंच मराठी, त्यामुळे सहा वर्षांचा होईपर्यंत स्वारी ‘मी जाते, मी खाते’ म्हणायची. शिवाय त्याच्याशी सगळेच ‘तू’ने बोलायचे, तर त्याचंही सगळ्यांना ‘तू’. एकदा फोनवर आजोबांना विचारलं, “तू झोपलास का?” आजोबा जन्मभर मास्तर. इकडे बाबांचा चेहरा पडला. तिकडून उत्तर आलं, “झोपलो होतो. तू उठवलंस.” मी मात्र त्याला चुका दाखवत फिरायचे. माझं मराठी शुद्ध, याचा मला केवढा ताठा होता!

ताठा उतरला एकविसाव्या वाढदिवसाला. शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून मी झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हटली होती, अगदी मनापासून. पण मी होते बाबांच्या नोकरीवर, कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर. तो व्हिसा मुलांना एकविशीपर्यंतच. बाबांचा ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा रांगेत होता. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला वर्षाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा, आणि रांगेत आपली माणसं अफाट. घरात याला ‘एज आउट’ म्हणायचे, जणू दुधाची तारीख उलटली. मी एफ-१ घेतला, विद्यार्थ्यांचा व्हिसा. ज्या राज्यात लहानाची मोठी झाले तिथेच कॉलेजात परदेशी विद्यार्थिनी झाले. ओरिएंटेशनला एका बाईंनी हळू आवाजात, शब्द तोडून तोडून मला बस कशी पकडायची ते समजावलं. मी “थँक यू” म्हणाले आणि गाडीत बसून घरी आले.

आता एच-१बी, नोकरीचा व्हिसा. ग्रीन कार्डाचा माझा स्वतःचा अर्ज २०१६ चा. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येतं, मी उघडते, भारताची तारीख अजून २०१३ मध्येच. बंद करते.

भावाला माझा हेवा वाटतो, हे आज कळलं. म्हणाला, “तुला कोणी विचारलं, कुठली, तर तू सरळ सांगली म्हणतेस. मी एडिसन म्हटलं की लोक म्हणतात, नाही नाही, खरं कुठला?” मला वाटायचं, निळ्या पासपोर्टवाल्याला काय कमी? मग आम्ही दोघंही गप्प बसून चकल्या खाल्ल्या. भाजणीच्या, आईच्या, थोड्या मऊ पडलेल्या.

झोपायच्या आधी त्याने आजीला फोन लावला. तिकडे सकाळ. “आजी, आम्ही येतोय. तुम्हाला काय आणू?” ‘तुम्ही’ ऐकून आजी दचकली. “कोण बोलतंय?” म्हणाली.

बॅगांचं ठरलंय. मुंबईला माझी रांग वेगळी आणि बहुतेक वेळा लवकर सरकते, तेव्हा पट्ट्यावरून बॅगा मी उतरवायच्या. नेवार्कला त्याने.