हबर्ड ब्रूक: मोजायला गेलो, एक पक्षी दिसेल तर शपथ

अमेरिकेतल्या व्हाइट माउंटन्स डोंगरांत लोक धबधबे आणि पानगळीतले पानांचे रंग बघायला जातात. आम्ही गेलो जूनमध्ये, ब्लॅक फ्लाय या चावऱ्या माश्यांच्या सीझनमध्ये. धबधबे झाले, पार्किंगसाठी भांडणं झाली, ते सोडा.

लिहायचंय ते हबर्ड ब्रूकबद्दल. न्यू हॅम्पशायरमधलं हे जंगल ॲसिड रेनच्या संशोधनामुळे गाजलं, आणि इथे १९६९ पासून दर उन्हाळ्यात १० हेक्टरच्या त्याच तुकड्यात पक्षी मोजतायत. मोजणाऱ्या एका मुलीबरोबर पहाटे जायला मिळालं. मला वाटलं दुर्बिणीतून मस्त पक्षी बघू, कसलं काय, पानं इतकी दाट की वर काही दिसतच नाही आणि ही बया डोळे मिटून उभी! सगळा कानांचा खेळ. आवाज आला की नकाशावर खूण, दोन नर एकाच वेळी गायले की दोन खुणा, म्हणजे दोघांच्या हद्दी वेगळ्या. त्यात तो रेड-आइड व्हिरिओ दिवसभर तोंड मिटत नाही, त्याच्या आडून बाकीचे ऐकायचे. माश्या मानेला तोडतायत, मी हुं केलं तरी ही डोळे वटारणार. वैताग आला होता खरंच.

मग तिने मोजणीचा कागद दाखवला. लीस्ट फ्लायकॅचर, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथला सगळ्यात कॉमन पक्षी, आज त्याच्यापुढे शून्य. काढून का टाकत नाही विचारलं तर म्हणे शून्यसुद्धा मोजूनच लिहायचं असतं.

मी लगेच विचारलं, कुणी मारले? कुणीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोडलेलं जंगल हळूहळू म्हातारं होत गेलं आणि याला मधल्या वयाचं जंगल लागतं. शिवाय मोजणी सुरू झाली तेव्हा सुरवंटांचा, म्हणजे पक्ष्यांच्या खाण्याचा, सुकाळ होता, म्हणजे सुरुवातीचे आकडेच फुगलेले. आपण असतो तर त्यावर ‘पक्षी संपले’ म्हणून फॉरवर्ड ठोकला असता! अर्थात उत्तर अमेरिकेत १९७० पासून जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाल्याचा अंदाज आहेच, पण १९८६ पासून आसपासच्या इतर तुकड्यांतही मोजतात, नाहीतर पक्षी गेले ते या जंगलामुळे की आणखी कशामुळे हे कळणार कसं? ब्लॅक-थ्रोटेड ब्लू वॉर्बलरसारखे तर हिवाळा कॅरिबियन बेटांवर काढतात, तिकडचं बिघडलं तरी फटका इथे.

जाणार असाल तर डोक्याला जाळी न्या. माझे कान अजून सुजलेले आहेत.