सहज विचारलं

कॅज्युल्टीत कुणी काही सहज विचारत नाही. अकरा वर्षं हेच काम करतोय, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

मी कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. पुरुष असल्यामुळं 'ब्रदर'. पेशंटची आजी असो की आमदाराचा पीए, सगळ्यांचा मी ब्रदर. खाली जे लिहितोय त्यातले काही तपशील बदललेत, ओळख पटू नये म्हणून. आकडे मात्र तेच आहेत, कारण ते माझ्याच अक्षरात रजिस्टरला आहेत.

फेब्रुवारीतला रविवार. रविवारी सकाळी आमच्याकडं दारूडे नि अपघातवाले भरलेले असतील असं लोकांना वाटतं. ते सगळं पहाटेपर्यंत उरकलेलं असतं. नऊनंतर येतात ते मटण तोडताना बोट कापून घेतलेले, आणि आठवडाभर छातीतलं दुखणं अंगावर काढून 'आज पोराला सुट्टी आहे' म्हणून आलेले म्हातारे. असाच एक म्हातारा ईसीजीला झोपवला होता, तेवढ्यात ११:२० ला एमएच ०९ पासिंगची पांढरी गाडी थेट रॅम्पवर चढली. तिघा पोरांनी चौथ्याला उचलून आणलं. वय २१, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. कागलच्या अलीकडं गाडीत फिट आली म्हणाले. आत घेतलं आणि आमच्यासमोर दुसरी आली.

फिट कशी हाताळतात ते सांगत बसत नाही. कुशीवर घेतलं, ऑक्सिजन, सक्शन, फिट थांबवणारं मिडाझोलाम. शुगर ११२, म्हणजे साखर उतरून फिट आली का, तो प्रश्न मिटला. पल्स १३४, ताप १०१. सवयीनं आरएल सलाईनची बाटली लावली आणि फास्ट सोडली. हात आपोआप करतात ते. नंतर ह्याच बाटलीचं मला वाईट वाटणार होतं.

पोरं म्हणाली, "गोव्यास्नं येतोय. रातभर झोप न्हाई, पोटात काय न्हाई. आंबोली घाटात उलटी झाली त्याला, आमाला वाटलं गाडी लागली." डोकं दुखतंय म्हणत होता, मग निपाणीच्या पुढं बरळायला लागला, मग फिट. मी लिहून घेतलं. त्यातला एक, गाडी चालवत आणलेला, काउंटरपाशी घुटमळत होता. बाकीचे दोघे फोनवर. हा हळूच म्हणाला, "ब्रदर, सहज विचारतोय. कुणी काय घेतलं असलं तर पोलीस येतात काय ओ?"

मी मान वर न करता लिहीत होतो. म्हणालो, "येतात की. एमएलसी होते. का, काय घेतलंय?" एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावी लागते ती.

"न्हाई न्हाई. सहज."

आणि मी पुढची ओळ लिहिली.

ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडम नवीन होत्या, पण डोकं शांत. त्यांनी मोठ्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, एपिलेप्सी असेल, फिटचं औषध लोड करा, सीटी करा. फोनवरून निदान करणाऱ्यांबद्दल माझं एक मत आहे, ते इथं लिहीत नाही. सीटीसाठी बिलिंगला डिपॉझिट मागितलं, तिघांनी मिळून गूगल पे केलं. रक्त लॅबला गेलं. रविवारची लॅब म्हणजे एक टेक्निशियन आणि तासाभराचा हिशोब. लघवीचं ड्रग किट केलं, ते पाच पट्ट्यांचं. त्यात एमडीएमएची, म्हणजे एक्स्टसी गोळीतल्या द्रव्याची, वेगळी पट्टीच नव्हती, आणि अॅम्फेटामिनची पट्टी ते पकडेलच असं नसतं. किट निगेटिव्ह आलं आणि सगळ्यांनी मान डोलावली, जणू प्रश्न सुटला.

मला खटकला तो जबडा. फिटमध्ये दातखीळ बसते हे खरं, पण फिट थांबली, मिडाझोलाम गेलं की जबडा सैल पडतो. ह्याचा रवंथ केल्यासारखा बाजूबाजूला हलत होता, दातावर दात घासल्याचा आवाज सक्शनच्या आवाजातूनही ऐकू येत होता. तोंडात च्युइंगमचा गोळा सापडला, तो फोर्सेप्सनं काढला. एवढ्या उलट्या करून माणूस च्युइंगम कशाला चघळेल? टॉर्च मारला. फिटमध्ये जीभ चावली जाते, बहुतेकदा कडेला. इथं जिभेपेक्षा गालांची आतली बाजू खराब होती. ताज्या जखमा, आणि त्यांच्याखाली जुना, पांढरा पडलेला वळ. दाढांचे माथे सपाट झालेले. माझ्या वडिलांच्या दाढा अशा आहेत, ते ६८ वर्षांचे आहेत. मग पापण्या उघडल्या. बाहुल्या इतक्या पसरलेल्या की बुबुळाची नुसती कड उरली होती.

कोल्हापूरला यायच्या आधी मी दोन वर्षं पुण्यात होतो. असा जबडा तिथं एकदा पाहिला होता, पार्टीतली गोळी घेतलेल्या एकाचा.

बाहेर जाऊन त्या ड्रायव्हर पोराच्या खांद्यावर हात ठेवला नि त्याला ड्रेसिंग रूममध्ये नेलं. "हे बघ भावा, पोलीस काय करायचं ते करतील. तुझा मित्र आत मरायला लागलाय. गोळी होती का पावडर?"

तो रडायलाच लागला. "गोळी. एमडीची. गुलाबी, वर मुकुट होता. बाराला एक, तीनला एक."

हा 'एमडी' शब्द ही आमच्याकडची मोठी भानगड आहे. पेपरात रोज येणारं एमडी म्हणजे मेफेड्रोन, जी बहुतेक पावडर म्हणून नाकातनं ओढतात. २०१५ पासून तेही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. गोव्याच्या पार्टीतली रंगीत गोळी म्हणजे बहुधा एमडीएमए, एक्स्टसी. घेणाऱ्या पोरांना दोन्ही एकच वाटतं, आणि गोळीत नक्की काय कोंबलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मॅडम स्वतः एमडी करायच्या तयारीत आहेत. आपल्या डिग्रीचं नाव असं ऐकायची सवय लावून घ्यावी लागेल, असं त्या नंतर म्हणाल्या.

पण त्या क्षणी त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "पाणी किती प्यायलं त्यानं?"

पोराचा चेहरा थोडा उजळला. "पाणी भरपूर पाजलंय, मॅडम. गोळी घेतली की अंगातलं पाणी संपतं म्हणून. मीच पाजत होतो. लिटरच्या आठ बाटल्या तरी झाल्या असतील."

एबीजीचं, म्हणजे रक्तातले वायू नि क्षार झटपट मोजायचं मशीन दुसऱ्या मजल्यावर आयसीयूत. सँपल घेऊन मी जिन्यानं पळालो, लिफ्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तीन मिनिटांत कागद आला. सोडियम ११६. नॉर्मल १३५ ते १४५ असतं.

हे काय असतं ते आमच्या वॉर्डातल्या मावशींना मी असं सांगितलं: आमटीत पाणी वाढवत गेलं नि मीठ तेवढंच ठेवलं की आमटी अळणी होते, तसं रक्त अळणी झालं. नुसत्या पाण्यानं असं सहसा होत नाही, कारण मूत्रपिंड जादाचं पाणी बाहेर टाकतं. पण एक्स्टसीनं मेंदूतनं असं हार्मोन सुटतं, जे मूत्रपिंडाला सांगतं, पाणी सोडू नको. तोंड कोरडं, अंग तापलेलं, नाच चालू, म्हणून माणूस पीत राहतो, आणि आत गेलेलं आतच साठतं. मेंदूच्या पेशी सुजतात. आधी डोकं दुखतं, उलटी होते, मग बरळतो, मग फिट. आंबोली घाटात लागली ती गाडी नव्हती. १९९५ साली इंग्लंडमध्ये एक मुलगी आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत अशीच कोसळली आणि काही दिवसांनी गेली. गोळी होतीच, पण जीव घेतला तो पाण्यानं. दुसऱ्या टोकाला उलट धोका असतो. शरीर भट्टीसारखं तापतं, स्नायू विरघळायला लागतात, किडनी बंद पडते. त्यामुळं 'पाणी प्या' हेही चूक आणि 'पिऊ नका' हेही. ह्या विषाला उतारा नाही.

माझं आरएल मॅडमनी बंद केलं. २०० मिली आत गेलं होतं. आधीच पाण्यानं भरलेल्या माणसात मी आणखी पाणी ओतत होतो.

आता हवं होतं तीन टक्क्यांचं सलाईन. खारं, जड, चुकून कुणाला फास्ट गेलं तर घात करणारं, म्हणून ते कॅज्युल्टीत ठेवत नाहीत. नियम बरोबर आहे. पण रविवारी ते फार्मसीतून घ्यायचं तर मागणीचं इंडेंट सिस्टीमवर टाका, तिकडून अप्रूव्ह होऊ दे, मग वॉर्डबॉय मामा आणतील. मी पुन्हा वर पळालो आणि आयसीयूच्या सिस्टरकडनं दोन बाटल्या उसन्या आणल्या. उसनवारीवर चालणारी हॉस्पिटलं मी दोन शहरांत पाहिली आहेत. १०० मिली दहा मिनिटांत. सोडियम ११८. पुन्हा १००. आता १२१, आणि पोरानं डोळे उघडून "आई" म्हटलं. आई अजून वाटेत होती.

दुपारी त्याला लघवी सुटली. तीन तासांत बॅग दोनदा रिकामी केली. बाहेरच्या माणसाला किळस वाटेल, पण त्या पिशवीकडं मी पोटभर बघितलं. मूत्रपिंड शुद्धीवर आलं होतं. आता भीती उलटी, सोडियम फार वेगानं चढलं तर मेंदूला वेगळीच इजा होते. म्हणून दर दोन तासांनी रक्त. स्नायूंची इजा दाखवणारं सीपीकेही वाढलेलं होतं, त्यावरही लक्ष. दुसऱ्या दिवशी सकाळी १३३.

पाचच्या सुमाराला हवालदार आले, जबाब लिहिला, चहा घेतला, गेले. पोलीस म्हणजे एवढंच होतं, त्या दिवसापुरतं तरी.

ड्यूटी संपल्यावर दोनतीनदा मी वर आयसीयूत गेलो. तसं कारण नव्हतं. वडील एकच वाक्य म्हणत होते, "पहिल्यांदाच घेतलीय त्यानं." माझ्या डोळ्यांसमोर दाढा येत होत्या. वडील बाहेर गेल्यावर पोरगं सायकियाट्रिस्ट सरांना म्हणालं, चौदा महिने. पहिल्या वेळी असं वाटलं की जगाशी असलेलं सगळं भांडण मिटलं. मग एकाच्या दोन, दोनाच्या तीन, आणि ते पहिलं वाटणं परत आलंच नाही, जबडा तेवढा राहिला. शनिवारी घेतली की मंगळवार-बुधवारी काळोख. आईचा फोन आला की म्यूट करून रडायचं. आईला वाटायचं बॅकलॉगचं टेन्शन. तिनं अंबाबाईला नवस बोललेला.

सर म्हणाले, मेंदूतल्या आनंदाची विहीर एका रात्रीत उपसली तर पाणी भरायला वेळ लागतो, आणि तू भरायच्या आतच पुन्हा मोटर लावतोयस. पोरगं हुशार. म्हणालं, ऑस्ट्रेलियात डॉक्टर लोक हेच औषध म्हणून देतात. खरं आहे, २०२३ च्या जुलैपासून तिथं ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना परवानगी आहे. सर चिडले नाहीत. "देतात. मोजून, मोजक्याच वेळा, शेजारी माणूस बसवून. गुलाबी मुकुट नसतो त्यावर."

वडिलांना त्याला सहा महिने कुठल्यातरी केंद्रात 'टाकायचं' होतं. आपल्याकडं व्यसन म्हटलं की दारू, आणि उपाय म्हटलं की कुलूप. सरांनी समजावलं की हे दारूसारखं नाही, हात थरथरत नाहीत, सोडवायची गोळीही नाही. उपचार म्हणजे दर आठवड्याला बोलणं, झोप सुधारणं, शनिवारची रात्र कुठं नि कुणाबरोबर जाणार ते आधी ठरवणं, आणि खालचं डिप्रेशन तपासणं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे त्यांनी वडिलांसमोर न विचारता एकट्याला विचारलं. डिप्रेशनच्या काही औषधांबरोबर ही गोळी घेतली तर जिवावर बेतू शकतं, हेही बजावलं. वडिलांची मुख्य काळजी कोर्टाची होती. त्यांना सांगितलं की सेवन हा गुन्हा आहेच, पण त्याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर खटल्यापासून सूट मिळू शकते. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर मी कागदावर लिहून आईच्या हातात दिला. तिनं तो पदराच्या गाठीत बांधला.

हे कलम, हा नंबर, मला त्या रविवारी ११:३० ला माहीत होते. काउंटरवर एका घाबरलेल्या पोरानं विचारलं तेव्हा मी त्याला काय दिलं, तर 'एमएलसी होते'. खोटं बोललो नाही. एमएलसी होतेच. पण 'आधी सांग, उपचार थांबत नाहीत' एवढं म्हणायला श्वासभर वेळ लागला असता.

दहाएक दिवसांनी तो ड्रायव्हर पोरगा आला. मित्राच्या घरच्यांनी त्याला तोडलं होतं, "तूच पाजलंस" म्हणून. डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स न्यायचं निमित्त होतं. रॅम्पवरच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "ब्रदर, मी आल्या आल्या सांगितलं असतं तर?"

रजिस्टर माझ्या हाताखालीच होतं. ११:२० ला आगमन. ११:५५ ला, वेगळ्या शाईत, 'मित्राकडून माहिती: एमडीएमए गोळ्या २, पाणी अंदाजे ८ लिटर'. मधली जागा माझ्या अक्षरातली: 'प्रवास, जागरण, न जेवता'.

"काय फरक पडला नसता," मी म्हणालो. "तू गाडी थांबवली न्हाईस म्हणून वाचला तो."

त्यानं मान डोलावली आणि झेरॉक्स घडी करून खिशात घातली.