डाग कुठे पडतो, ते कॅडीला माहीत होतं

गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे बॉल सर्वांत लांब मारायचा क्लब, घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा हेड, म्हणजे बॉलला लागणारं टोक, ठरवूनच आलेला असतो. गेल्या हिवाळ्यात आलेले डॉक्टर तसेच. हाडांचे सर्जन, साठीला टेकलेले, हँडिकॅप 19 (हा आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला), येरवड्याच्या कोर्सवरचा रविवारचा राउंड सहसा न चुकवणारे. पुण्यात मी गोल्फचे क्लब फिट करून देतो. दुकानात पाऊल टाकताच त्यांनी मॉडेलचं नाव सांगितलं, पुढे 9 अंशांचा लॉफ्ट, म्हणजे हेडचा तिरपेपणा, आणि स्टिफ शाफ्ट, म्हणजे ताठ दांडा. "फक्त एकदा मोजून घ्या, म्हणजे ऑर्डर देऊन टाकतो." त्यांच्या मागे बॅग घेऊन त्यांचा कॅडी, म्हणजे कोर्सवर क्लबची बॅग सांभाळणारा सोबती, आला. तिशीतला, सडपातळ. बॅग भिंतीला टेकवून तो दाराशीच उभा राहिला. मी खुर्ची दिली तरी बसला नाही.

डॉक्टरांनी अंग मोकळं केलं आणि त्यांच्याच जुन्या ड्रायव्हरने मारायला सुरुवात केली. तोही 9 अंशांचा, स्टिफ, साडेपंचेचाळीस इंची. रडारवर हेडचा वेग ताशी 97 मैल दिसत होता, बॉलचा 140 च्या आसपास. म्हणजे हेडच्या वेगाच्या जवळजवळ 1.44 पट. नियमांत बसणाऱ्या ड्रायव्हरला हे प्रमाण फार तर 1.5 पर्यंत नेता येतं, तेव्हा 19 हँडिकॅपला हा आकडा उत्तमच. बॉल 11 अंशांनी उठत होता, स्पिन (बॉलचे मिनिटाला फेरे) 2900, कॅरी (बॉलने हवेत कापलेलं अंतर) 220 यार्डांच्या आगेमागे. एवढ्यावर निर्णय घ्यायचा असता तर डॉक्टर म्हणत होते तोच ड्रायव्हर त्यांना शोभला असता. त्यांचा चेहरा खुलला होता.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. "सर, बोलू का?"

"बोल की," डॉक्टर म्हणाले.

"साहेब इथं मारतायत तसं कोर्सवर नाय मारत. पहिले तीन होल असंच मारतात. मग बॉल उजवीकडं जायला लागतो."

मी विचारलं, "निघतानाच उजवीकडे निघतो, की आधी सरळ जाऊन मग वळतो?"

"निघतो डाव्या झाडांवर, अन् मग वळत वळत उजवीकडच्या रफमध्ये, उंच गवतात."

कित्येक खेळाडूंना स्वतःच्या बॉलबद्दल इतकं नेमकं सांगता येत नाही. बॉल कोणत्या दिशेला निघणार, हे मुख्यतः फेस, म्हणजे हेडची बॉलला लागणारी बाजू, ठरवतो. पुढे तो वळतो, कारण फेसची दिशा आणि हेडचा मार्ग यांत फरक असतो. डावीकडे निघून उजवीकडे वळणारा बॉल म्हणजे हेड बाहेरून आत कापत येतंय आणि त्या मार्गाच्या मानाने फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, आहे. एका वाक्यात त्याने अर्धं निदान माझ्या हातात दिलं होतं.

"फेसवर कुठे लागतो, काही अंदाज?"

तो पुढे आला, बॅगेतून ड्रायव्हर काढला आणि फेसवर अंगठा ठेवला. शाफ्टच्या बाजूला, हीलकडे, मध्यापेक्षा बराच खाली. "प्रत्येक शॉटनंतर हेड मीच पुसतो ना सर. नव्या बॉलचा पांढरा डाग इथंच असतो. सुरवातीला मधी असतो, मग सरकत सरकत इकडं येतो."

डॉक्टर क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "वर्षानुवर्षं माझ्यामागे चालतोय तो. मला माझा बॉल दिसतो, याला मी दिसतो." या माणसाबद्दल मला त्याच क्षणी आदर वाटला. हाताखालच्या माणसाचं असं चारचौघांत मान्य करणारे फार नसतात.

मी ऑर्डर घेतली नाही. येत्या रविवारी अठरा होल खेळून, घरी न जाता, थेट दुकानात या, अशी विनंती केली. रेडिओलॉजिस्टने श्वास रोखून धरायला सांगावं तसं सांगताय, असं डॉक्टर हसत म्हणाले, पण आले. दुपार झाली होती, शर्ट घामाने चिकटला होता. फेसवर मी पायाला मारायच्या पावडरीचा स्प्रे मारला. आमच्या धंद्यातलं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरं बोलणारं साधन. बॉल लागला की पावडरीत गोल ठसा उमटतो.

तेच डॉक्टर, तोच ड्रायव्हर, आणि वेग 89 वर आलेला. हेड चार अंश खाली उतरत बॉलवर येत होतं. बॉलचा वेग 119. उठाव 8 अंश, स्पिन 3900, कॅरी कशीबशी 170. पावडरीतला ठसा कॅडीने अंगठा ठेवला होता तिथेच.

आता हे आकडे एकमेकांना कसे धरून होते, ते सांगतो. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, त्याला दोन्ही दिशांनी किंचित फुगवटा असतो. बॉल हीलला लागला की हेड किंचित वळतं आणि उजव्या हाताच्या खेळाडूसाठी बॉलवर स्लाइसची, म्हणजे उजवीकडे वळवणारी, फिरकी येते, खालच्या भागाला लागला की बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी) वाढतो आणि उठाव कमी होतो. मध्य चुकला म्हणून वेग तर गेलेलाच असतो. डॉक्टर दमले की हात शरीरापासून लांब जायचे आणि खांदा आधी फिरायचा. त्यात साडेपंचेचाळीस इंचांचा दांडा आणि दमलेल्या मनगटांना न पेलणारा ताठ शाफ्ट. नवीन हेड कितीही महागाचं घेतलं असतं, तरी चौथ्या होलपासून ठसा हीललाच पडणार होता.

म्हणून हेडच्या आधी मी लांबीला हात घातला. नियमांत ड्रायव्हर 48 इंचांपर्यंत चालतो, व्यावसायिक स्पर्धांसाठी 2022 पासून 46 इंचांची मर्यादा लावायची मुभा आहे. टूरवरचे कित्येक खेळाडू मात्र 45 किंवा त्याहून आखूड दांडा वापरतात. ज्यांना मध्य सापडतो ते आखूड वापरणार आणि ज्यांना सापडत नाही त्यांना दुकानात लांब मिळणार, हे मला कधीच पटलेलं नाही. डॉक्टरांना मी 44.5 इंचांवर आणलं. इंचभर कमी झालं की हेड हातात हलकं लागतं, ते भरून काढायला साधारण 12 ग्रॅम घालावे लागतात. ते मी हीलकडच्या स्क्रूतच घातले, म्हणजे हेडचा गुरुत्वमध्यही त्यांच्या ठशाकडे सरकला. शाफ्ट 55 ग्रॅमचा रेग्युलर, म्हणजे स्टिफहून लवचीक. (शाफ्टवर छापलेल्या अक्षरावर फार भरवसा ठेवू नये. त्याचं एकच असं माप नाही, एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका ताठ असू शकतो.)

लॉफ्टवर मात्र अडलं. साडेदहाचं हेड मी स्लीव्ह (हेड आणि शाफ्टमधला फिरवता येणारा जोड) फिरवून 12 वर नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "12 म्हणजे बायकांचा ड्रायव्हर ना?"

मी त्यांना एलपीजीए टूरचे, म्हणजे व्यावसायिक महिला गोल्फचे, सरासरी आकडे दाखवले. तिथल्या खेळाडूंच्या हेडचा वेग ताशी 95 मैलांच्या आसपास, म्हणजे ताज्या दमाच्या डॉक्टरांपेक्षा किंचित कमीच. कॅरी 220 यार्डांच्या आसपास, आणि तीही दिवसभर. कारण त्या जवळपास 3 अंश वर जाणाऱ्या हेडने मारतात आणि बॉल साडेबारा-तेरा अंशांनी उठवतात. डॉक्टर खाली उतरत मारतात, त्यामुळे तेवढाच उठाव मिळवायला त्यांना लॉफ्ट लागणारच. 9 अंश हा पुरुषार्थाचा आकडा नाही, तो वेगाचा आणि हेडच्या दिशेचा आकडा आहे. लॉफ्ट असा वाढवला की जमिनीला टेकवलेला फेस थोडा डावीकडे बंद होतो, स्लाइस मारणाऱ्याला त्याचीही मदत होते.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि त्याच दमलेल्या अंगाने मारायला लागले. वेग 89 चाच राहिला. पण बॉलचा 128 झाला, उठाव 13, स्पिन 2800, कॅरी 200 च्या घरात. ठसा मध्याजवळ आला, पुरता मध्यावर नाही. कॅडी पावडर बघायला माझ्याही आधी वाकला होता.

मी त्यालाही मारायला सांगितलं. आढेवेढे घेत त्याने दोन-तीनच मारले, 108 मैलांच्या पुढे, एकदम सरळ. मला अली शेर आठवले. 1991 आणि 1993 मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारे ते, आधी दिल्लीत कॅडीच होते. याला खेळायला कधी मिळतं, असं विचारल्यावर म्हणाला, सोमवारी, जुना सेट आहे कुणीतरी दिलेला. त्यातला ड्रायव्हर घेऊन ये, असं मी सांगून ठेवलं. तो आला, आणि त्याचा दांडा मी बदलून दिला.

डॉक्टर नवा ड्रायव्हर घेऊन गेल्यावर काही आठवड्यांनी दोघं पुन्हा आले. शेवटच्या नऊ होलना बॉल फेअरवेत, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतात, राहत होता, तक्रार पहिल्या तीन होलची होती. ताजेतवाने असताना डॉक्टर 97 ने मारतात, फेस बंद, वजन हीलला, त्यामुळे बॉल सरळ डाव्या झाडांत. मी लॉफ्ट अर्ध्या अंशाने खाली आणला आणि स्पष्ट सांगितलं की याहून जास्त काढलं तर शेवटचे होल पुन्हा उजवीकडे जातील. एका ड्रायव्हरला दोन माणसं सांभाळता येत नाहीत.

"मग पहिल्या तीनला साहेबांना 3-वूड देतो," कॅडी म्हणाला. 3-वूड म्हणजे ड्रायव्हरहून आखूड, जास्त लॉफ्टचा क्लब. डॉक्टरांनी हो म्हटलं. आता त्यांचा ड्रायव्हर बॅगेतून बाहेर येतो तो चौथ्या होलच्या टीवर.