पाच चेहऱ्यांत न मावलेला महिना

मनःस्थितीची आणि दिवसभरातल्या कामांची नोंद ठेवायला लागून मला चार महिने झाले. मोबाइलवर ॲप घेणे, कामांची यादी भरणे हे अर्ध्या तासात उरकले. अडले ते रात्रीच्या एका प्रश्नापाशी. "आजचा दिवस कसा गेला?" असे विचारून ते ॲप रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे दाखवी आणि त्यांतला एक निवडल्याशिवाय नोंद जतन होत नसे. सकाळची धास्ती, दुपारी कामात रमलेले मन आणि संध्याकाळचा गळाठा, या तिन्हींसाठी एकच चेहरा कोणता, हे मला कधीच ठरवता आले नाही; बहुतेक रात्री मी मधला चेहरा दाबून झोपायला जाई. महिनाअखेरीस आलेख जवळजवळ सपाट आला. ज्या महिन्यात मी पहाटे तीनपर्यंत जागी असे, तो महिना त्या आलेखाने सर्वसाधारण ठरवला, याचा राग अजून गेलेला नाही.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची मांडणी दोन अक्षांवर केली होती: सुखद की दुःखद, आणि मन उत्तेजित की शांत. धास्ती आणि गळाठा दोन्ही दुःखदच, पण एकीत अंग ताणलेले असते, दुसऱ्यात उठवत नाही. चेहऱ्यांच्या एका ओळीत हा फरक दिसणार कसा? शिवाय रात्री आठवून लिहिले की शेवटच्या तासाचा रंग अख्ख्या दिवसाला चढतो.

मग मी साधी वही घेतली. "सकाळी १०, बैठकीची तयारी, बरे वाटणे ३, ताण ८." "संध्याकाळी ६, बहिणीशी फोन, बरे वाटणे ७, ताण २." दिवसातून तीनदा, त्या त्या वेळी, दहापैकी आकडे. कामाशेजारीच आकडा लिहिणे महत्त्वाचे आहे. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या उपचारपद्धतीतही कामागणिक आनंद आणि जमल्याचे समाधान नोंदवतात. चुकलेली नोंद दुसऱ्या दिवशी आठवून भरू नये, रकाना कोरा ठेवावा. आणि हे खरे तर आधी सांगायला हवे होते: झोपेचे तास उठल्याबरोबर लिहावेत.

दोन आठवडे बरे वाटण्याचे आकडे खालीच राहिले, तेव्हा मी वही घेऊन समुपदेशकांकडे गेले. त्यांनी पाने चाळली आणि सर्वसाधारण चौकशी न करता विचारले, "मंगळवारी सकाळी दहाला काय असते?"