फादर व्हायला इतकी वर्षं का लागतात?

मुंबईत गोरेगाव पूर्वेला सेंट पायस सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी शाळा, आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार सेमिनरीतल्या अभ्यासात किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान (थिऑलॉजी) हवंच. शिवाय वय २५ पूर्ण लागतं, आणि डीकन (फादरच्या आधीची पायरी) झाल्यावर निदान सहा महिने थांबावं लागतं.

तत्त्वज्ञान आधी का? थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) हा मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ वाचताना ते कळतं. तो आधी विरोधकांचे आक्षेप मांडतो, मग त्याविरुद्ध एखादं प्रमाणवचन, मग स्वतःचं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचं खंडन. नवखे विद्यार्थी घाईत पहिलाच परिच्छेद त्याचं मत म्हणून वहीत उतरवतात, आणि सगळा अर्थ उलटा होतो. म्हणून युक्तिवाद वाचायची सवय आधी लागते. आधी मधलं उत्तर वाचावं, मग आक्षेपांकडे यावं.

गुरुदीक्षेला, म्हणजे फादर होण्याच्या विधीला, जाल तेव्हा पुढच्या बाकावर बसा. उमेदवार जमिनीवर पालथा पडतो, संतांची नावं घेत प्रार्थना चालते. नंतर बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, एक शब्दही न बोलता. मग हजर असलेले फादर एकामागून एक तेच करतात. पुढे दोन्ही तळव्यांना सुगंधी पवित्र तेल चोळलं जातं. पुष्कळांचं लक्ष तेलाकडेच असतं, पण दीक्षेचा गाभा ते मूक हात आणि त्यामागोमागची बिशपांची प्रार्थना.