जून अल्मेडा, टेक्निशियन

आज बाबांचा डेंग्यूचा रिपोर्ट आणायला नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये गेले होते. (निगेटिव्ह आहे, फोन करू नका.) तिथे रक्त काढणाऱ्या, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलेल्या पोरीवर एक काका खेकसले, "डॉक्टरांना बोलाव, तुला काय कळतंय?"

मला त्या काकांना जून अल्मेडाबद्दल सांगायचं होतं. हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितेय.

ग्लासगोच्या बस ड्रायव्हरची मुलगी. घरी पैसे नव्हते, १६व्या वर्षी शाळा सुटली आणि ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागली. पुढे टोरांटोत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाती आला. त्यात विषाणू कुठला आणि कचरा कुठला, हेच भल्याभल्यांना कळत नसे. तिने नमुन्यात अँटिबॉडी मिसळल्या. त्या विषाणूंना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि मग ते नेमके ओळखू येतात. डोकं बघा बाईचं!

कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या आजारात तिला कडेने प्रभावळ असलेले विषाणू दिसले होते. त्यावरचा शोधनिबंध न छापताच परत आला. तपासणाऱ्यांच्या मते ते इन्फ्लुएंझाचेच खराब फोटो होते. मग १९६६ च्या सुमारास लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, सर्दीवर संशोधन करणाऱ्या डेव्हिड टायरेल यांनी पाठवलेल्या सर्दीच्या नमुन्यात तेच रूप पुन्हा दिसलं. माणसातला कोरोना, पहिल्यांदाच! हे नाव छापून आलं १९६८ मध्ये.

डिग्री नसलेल्या या बाईला पुढे डॉक्टर ऑफ सायन्स मिळाली, ती तिच्या शोधनिबंधांवर. नंतर तिने योग शिकवला, आणि ऐंशीच्या दशकात एचआयव्हीच्या फोटोंसाठी पुन्हा लॅबमध्ये आली.