शेवटच्या पानावरच्या रेघा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी काही लिहावे, असे समितीचे पत्र आले आणि मी लिहायला बसलो तो भूगोलाच्या बाईंविषयीच. इमारत, मैदान, स्नेहसंमेलने यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला मिळालेली जागा एकट्या बाईंनाही अपुरी पडेल.

मधल्या सुट्टीनंतरचा तास त्यांचा असे. धापा टाकत, घामेजून आत आलेल्या आम्हा मुलांना त्यांनी कधी ‘लक्ष द्या’ असे दरडावल्याचे मला आठवत नाही. त्या टेबलावरची लहान पितळी घंटा एकदाच वाजवीत आणि तिचा नाद ज्याला पूर्ण विरला असे वाटेल त्याने बोट वर करावे, एवढेच सांगत. पुढची दोन मिनिटे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे नुसते पाहायचे, मन दुसरीकडे गेल्याचे ध्यानात आले की वहीच्या शेवटच्या पानावर एक रेघ ओढायची आणि पुन्हा श्वासाकडे यायचे, असा नियम होता. डोळे मिटण्याची सक्ती नव्हती. दम्याचा त्रास असलेला आमचा एक वर्गमित्र श्वासाकडे पाहू लागला की घाबरा होई, म्हणून त्याला त्यांनी श्वास सोडून जमिनीला टेकलेल्या तळपायांकडे लक्ष द्यायला सांगितले होते.

पहिल्या दिवशी माझ्या पानावर ११ रेघा पडल्या आणि मी त्या तळहाताखाली झाकल्या. शेजाऱ्याचे पान कोरे होते व ते तो सगळ्यांना दाखवत होता. बाईंनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाल्या, “अकरा वेळा परत आलास की!” मग शेजाऱ्याकडे वळून त्यांनी विचारले, “आणि तू कुठे गेला होतास, ते तरी सांगशील?”

पुढे एकदा सर्वांत शेवटी बोट वर करण्याची मला हाव सुटली. वर्गातली सगळी बोटे वर झाली, तरी मी चेहरा गंभीर ठेवून बसून राहिलो. बाई माझ्या बाकाजवळ आल्या. “अजून येतोय आवाज?” मी मान डोलावली. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत; माझ्या शेजारी वाकून खरोखरच कान देऊन ऐकू लागल्या. थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला आता फक्त पंख्याचा येतोय. तुला?” वर्षभर त्या पंख्याखाली बसत असूनही त्याची लयबद्ध कुरकुर मी त्या क्षणापर्यंत ऐकली नव्हती.

आज मी होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवतो आणि लक्ष देण्याच्या याच सरावावर कार्यशाळा घेतो. गेल्या वर्षी विभागप्रमुख झालो, हेही सांगण्याचा मोह आवरत नाही. भरकटलेले लक्ष पुनःपुन्हा स्वेच्छेने परत आणण्याची शक्ती वाढवणारे शिक्षण हेच सर्वोत्तम शिक्षण ठरेल, असे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहून ठेवले, मात्र ते प्रत्यक्षात कसे द्यावे हे सांगणे अधिक अवघड आहे, अशी कबुलीही दिली. तो परिच्छेद शिकवताना मला दरवेळी वहीचे ते शेवटचे पान दिसते. बाईंनी जेम्स वाचला होता की नाही, कोण जाणे.

अलीकडे ‘माइंडफुलनेस’ या नावाखाली अनेक शाळांत असे तास घेतले जातात आणि त्यांतून मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात. ब्रिटनमधील ८५ शाळांतील ८ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या तासांमुळे मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा अधिक सुधारल्याचे आढळले नाही. बहुतेक मुलांनी घरी फारसा सरावच केला नव्हता. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. बाईंनी आम्हाला मनःशांतीचे आश्वासन कधी दिले नव्हते, दोन मिनिटे संपली की त्या सरळ नकाशाकडे वळत. शिवाय त्या दोन मिनिटांत त्या स्वतःही आमच्याबरोबर बसत आणि त्यांच्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावरही रेघा असत. कार्यशाळेसाठी मी हल्ली ज्या वर्गांत जातो, त्यांतल्या कित्येकांत ध्वनिक्षेपकावरून एक गोड आवाज ‘शांत व्हा’ असे सांगत असतो आणि त्या वेळात शिक्षक वह्या तपासत असतात. माझ्या प्रशिक्षणार्थींना मी पहिली अट घालतो ती वह्या बाजूला ठेवण्याची. ती सर्वांना रुचते असे नाही.

समारंभाला बाई येणार असल्याचे पत्रातच कळले. त्या दिवशी घंटेचा नाद इतरांची बोटे वर होण्याआधीच माझ्यापुरता संपला होता, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.